होडीच्या बुडातल्या बॅटऱ्या

ज्या माणसाच्या विरोधात मी पत्रक काढलं, त्याच्याबद्दल हे लिहिते आहे. पत्रकात त्यांचं नाव नव्हतं. नाव टाकू नकोस, असं आमच्या संघटनेतल्या मोठ्यांनी सांगितलं होतं, आणि न टाकताही शहापूरपासून किन्हवलीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की हे कोणावर आहे. इथेही नाव टाकत नाही. तेव्हा सोय म्हणून टाकलं नव्हतं. आता त्यांना विचारता येत नाही म्हणून.

सगळे त्यांना काका म्हणायचे. धरणापलीकडच्या पाड्यावरच्या बायका बॅटरीबाबा म्हणायच्या, पण पाठीमागे. टेलिफोन खात्यातली सगळी नोकरी त्यांनी बॅटरी रूममध्ये काढली. पूर्वी एक्स्चेंजच्या मागच्या बाजूला एक खोली असायची. तिथे कमरेएवढ्या उंचीच्या शिशाच्या बॅटऱ्या रांगेने उभ्या, लाईट गेली तरी फोन चालू राहावेत म्हणून. ॲसिडच्या वासाने घसा धरायचा, त्यामुळे दुसरं कोणी तिथे थांबत नसे. काका तिथेच डबा खायचे. "साहेब येत नाय, पंखा मिळतो, आनखी काय पायजे," असं त्यांचं म्हणणं.

सुती कपडा त्यांनी कधी घातला नाही. "सुती म्हणजे ॲसिडचा नाश्ता." मे महिन्यातसुद्धा टेरिलीनचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. हातात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही. बॅटरीच्या दोन टोकांवर धातू टेकला की काय होतं हे त्यांनी एकदा स्वतःच्या मनगटावर पाहिलं होतं. तो डाग ते विचारणाऱ्याला दाखवत नसत, न विचारणाऱ्याला मुद्दाम दाखवत. खिशात नेहमी खायच्या सोड्याच्या दोन-तीन पुड्या, ॲसिड सांडलं तर वर टाकायला. आमच्या एका मोर्चात उन्हाने एका कार्यकर्त्याला पित्त झालं, तर काकांनी तीच पुडी काढून दिली. म्हणाले, "ॲसिड ते ॲसिड. पोटातलं काय नि डब्यातलं काय."

शहापुरात एका बँकेच्या मागच्या भिंतीला एसीची नळी आहे. तिच्यातून थेंब थेंब पाणी गळतं. त्या नळीखाली पाच लिटरचा कॅन धरून एक म्हातारा उकिडवा बसलेला दिसला की समजायचं काका आहेत. बॅटरीत घालायला क्षार नसलेलं पाणी लागतं आणि एसीचं पाणी तसं असतं म्हणे. बँकेचा वॉचमन आधी हाकलायचा, नंतर त्यांच्यासाठी स्टूल ठेवायला लागला. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, आपल्या तालुक्यातलं पाणी उचलून मुंबईला नेतात आणि तुम्ही बँकेच्या नळीखाली बसता. लाज त्यांना वाटायला पाहिजे."

"धरणाचं पानी बॅटरीला चालत नाय गो," ते शांतपणे म्हणाले. "मुंबईवाल्यांना चालतं. त्यांची तब्येत कडक."

ते असंच करायचे. मी पेटवायला जायचे आणि ते फुंकर मारून मोकळे.

बॅटरीत किती जीव उरला आहे हे पाहायची काचेची एक नळी असते. थोडं ॲसिड आत ओढायचं आणि आतला तरंगता काटा कुठल्या आकड्यावर थांबतो ते वाचायचं. बाराशे साठच्या पुढे म्हणजे भरलेली, अकराशे ऐंशीच्या खाली म्हणजे दमलेली. ही नळी ते कापडात गुंडाळून पिशवीत ठेवत. पण आकडे माणसांनाही लावत. मी एसटीतून उतरले की विचारायचे, "काय गो, किती?" आणि उत्तर स्वतःच द्यायचे. "अकराशे नव्वद. जेवली नायस." एकदा मी कलेक्टर कचेरीवरून धरणं उठवून, हात हलवत परत आले, तर माझ्याकडे बघून आकडाच सांगितला नाही. चहा मागवला.

शहापूरच्या स्टँडवर उभं राहून ते गाड्यांचे आवाज ऐकायचे. एका सकाळी किन्हवलीच्या गाडीच्या ड्रायव्हरला जाऊन म्हणाले, "मालक, तुमच्या बॅटरीचं एक घर गेलंय. उद्या गाडी चालू होनार नाय." ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, तुमी बसायचं तर बसा, नायतर बाजूला व्हा." दुसऱ्या दिवशी किन्हवलीत ती गाडी धक्का मारून चालू केली. धक्का मारणाऱ्यांत काकाही होते. बोलले काही नाहीत. एकदा सांगायचं, पुन्हा सांगायचं नाही, हा त्यांचा नियम होता. मला तेव्हा तो बाणेदारपणा वाटायचा. पुढे त्या नियमाने काय केलं ते सांगतेच.

आता होडीचं.

धरणाचं पाणी चढलं की पलीकडचा पाडा तीन बाजूंनी पाण्यात असतो. चौथ्या बाजूला डोंगर. डोंगरावरून रस्त्याला लागायला अडीच तास, तेही धडधाकट माणसाला. पाण्यावरून अर्धा तास. धरण झालं तेव्हा पूल देऊ म्हणाले होते. ज्यांना म्हणाले होते ती माणसं मेली, जे म्हणाले होते ते पेन्शनीत निघाले. पुलासाठी आम्ही लढत होतोच, अजून लढतो आहोत. पण तोवर बाळंतीण डोंगरावरून झोळीत नेणार का, म्हणून होडी पाहिजे होती. मुंबईतल्या काही शिडाच्या होड्या हाकणाऱ्या हौशी लोकांनी त्यांची एक जुनी फायबरची होडी आम्हाला दिली. परवानगीच्या चकरा हा वेगळा लेख आहे.

होडी आली आणि पहिल्याच दिवशी काकांनी तिच्या पोटाखालचं लोखंडी पातं कापायला लावलं. आम्ही हादरलो. फुकट मिळालेली वस्तू हा माणूस मोडतो आहे. ते म्हणाले, "खाली जुन्या गावाची झाडं हायत. बुंधे तसेच उभे हायत पान्यात. हे पातं त्यात अडकंल." ते खरं होतं. त्या पात्याच्या जागी त्यांनी होडीच्या बुडात, अगदी मधोमध, सागाची एक लांब पेटी बसवली आणि तिच्यात चार मोठ्या शिशाच्या बॅटऱ्या ओळीने ठेवल्या. लिलावात निघालेल्या, लोकांनी मेल्या म्हणून टाकलेल्या. महिनाभर घरी ठेवून, हळूहळू चार्ज करून, एसीचं पाणी पाजून त्यांनी त्या उठवल्या होत्या. वर सोलरचं पॅनेल, मागे विजेवर चालणारी छोटी मोटर. वारा असेल तर शीड, नसेल तर मोटर. शिडाचं ज्ञान त्यांना कुठून, तर नोकरीत काही वर्षं किनाऱ्यावर बदली झाली होती, तिथे सुट्टीच्या दिवशी मच्छीमारांच्या होडीत जाऊन बसायचे. "फुकट फिरवायचे, मी त्यांच्या रेडिओच्या बॅटऱ्या बघायचो."

होडी चालवायला पाड्यावरचा काशिनाथ तयार केला. दोन मुलांचा बाप, शांत माणूस. काकांनी त्याला शीड शिकवलं, पण मोटरीबद्दल एवढंच शिकवलं की आवाज ऐक. "शिसं सांगून मरतं. मोटर रडायला लागंल, हळू होईल, मग समज अजून पंधरा मिन्टं हायत. तेवढ्यात काठाला लाग." दर शुक्रवारी ते सापगावच्या घरून यायचे, टेरिलीनचा शर्ट, कॅन, नळी. चार बॅटऱ्यांची चोवीस घरं, म्हणजे सेल. एकेकाचा आकडा खडूने होडीच्या आतल्या बाजूला लिहायचे. सतरावं घर कायम मागे. त्याला ते "आमची सतरावी" म्हणायचे, आजारी सुनेबद्दल बोलावं तसं.

दोन वर्षं होडी चालली. कोणी पडलं नाही, कोणी भिजलंही नाही फारसं.

मग होडी देणाऱ्या त्या लोकांचा निरोप आला की आम्ही नव्या बॅटऱ्याही देतो. लिथियम हव्यात की लेड-ॲसिड, तेवढं कळवा.

मला दुसरा विचारच सुचला नाही. मी वाचलं होतं. लिथियम हलकी, पाणी घालायला नको, वास नाही, विषारी शिसं नाही, पार तळापर्यंत वापरता येते, वर्षानुवर्षं टिकते. लेड-ॲसिड निम्मी वापरली की पुन्हा भरावी लागते. आणि आमच्या पाड्याला मिळालेल्या तर लिलावातल्या. गरिबांना कायम दुसऱ्यांनी टाकलेलं का? शाळा टाकलेली, डॉक्टर टाकलेला, आता बॅटरीपण? हा प्रश्न मी तेव्हा विचारला. आजही विचारते, आणि तो आजही मला बरोबर वाटतो. फक्त तेव्हा तो मी चुकीच्या माणसाला विचारला.

शाळेच्या पडवीत बैठक घेतली. पाड्यावरचे सगळे होते. मी बोलले, चांगलं बोलले. काका खांबाला टेकून बसले होते.

"बिघडली तर उघडनार कोन?" त्यांनी विचारलं.

"ती बिघडत नाही, काका."

"लग्नाआधी सासूबद्दल पन असंच सांगतात."

बायका हसल्या. मला ते झोंबलं. ठमाबाय म्हणून एक म्हातारी आहे पाड्यावर, जिचं बोलणं सगळे ऐकतात. ती म्हणाली, "बाबा, तुमाला नको असंल तर तसं सांगा. पोरगी एवढं बोलतेय."

काकांनी खांबाची टेक सोडली. मग म्हणाले, "वजन कमी होईल."

"तेच तर पाहिजे," मी म्हटलं. "आत्ता एक बॅटरी उचलायला दोन माणसं लागतात. आपल्या लोकांनी किती ओझी वाहायची?"

टाळ्या पडल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जसं ते नळीतल्या काट्याकडे पाहायचे, तो स्थिर होईपर्यंत. मग म्हणाले, "बरं."

ते 'बरं' मला हार मानल्यासारखं वाटलं नाही, नाटक वाटलं. बैठकीनंतर दोन-तीन जण घुटमळायला लागले, बाबाला विचारून बघू म्हणाले. तेव्हा मी पत्रक काढलं.

पत्रक लिहिण्याची एक रीत आम्हाला शिकवलेली आहे. वर अन्याय, मधे मुद्दे, खाली मागणी. आणि कुठेतरी एक माणूस हवा, ज्याच्याकडे वाचणाऱ्याला बोट दाखवता येईल. तो नसेल तर पत्रकात लोक भजी बांधतात. बॅटरीच्या पत्रकात माणूस नव्हता. म्हणून मी घातला. 'भंगाराच्या मोहात अडकलेले काही स्वयंघोषित तज्ज्ञ गरिबांच्या पायाखाली विष ठेवू पाहतात' असं ते वाक्य होतं. लिहिताना मला ते फार आवडलं होतं.

शहापूर स्टँडवर मी पत्रकं वाटत होते, तर समोर एक हात आला. टेरिलीनची बाही. मी दिलं. काय करणार, हात पुढे होता. त्यांनी चष्मा लावला, तिथेच उभं राहून दोन्ही बाजू वाचल्या. मग कानावरची पेन्सिल काढली, एका ठिकाणी दुरुस्ती केली आणि कागद मला परत दिला.

"हितं अँपिअर छापलंयस. अँपिअर-आवर पायजे. साठा असतो तो, धार नाय."

"बाकी बरोबर आहे?" मी विचारलं. आवाज चढाच होता माझा.

"बाकी तुझं मत हाय," ते म्हणाले, आणि कॅन घेऊन बँकेच्या दिशेने गेले.

त्या शुक्रवारी ते पाड्यावर आले नाहीत. पुढच्याही नाही. पुढच्या खेपेला छापलेल्या पत्रकांत मी अँपिअर-आवर केलं. दुसरं काही बदललं नाही.

लिथियम आली. लहानशी, पांढरी, मी एकटीने बगलेत मारून होडीत ठेवली. चार जुन्या बॅटऱ्या काढताना आठ माणसं लागली. सतरावं घर कुठलं हे आता कोणाला सांगता येत नव्हतं. बॅटऱ्या भंगारवाल्याला दिल्या. सागाची पेटी रिकामी पडली, तिच्यात बायका बाजाराच्या पिशव्या ठेवायला लागल्या. मोटर अशी पळायची की अर्ध्या तासाची वाट वीस मिनिटांवर आली. शिडाची गरजच लागेना. काशिनाथने ते गुंडाळून काठीला बांधून ठेवलं. मी फोटो काढले. फोटोंखाली काय लिहिलं ते इथे लिहीत नाही.

मार्गशीर्षात, पाणी भरलेलं असताना, दोन दिवस आभाळ धरलं. पॅनेलला ऊन नाही. पण मोटर नेहमीसारखीच पळत होती, म्हणून काशिनाथला काही कळलं नाही. लिथियम शेवटच्या थेंबापर्यंत तसाच जोर देते आणि मग आतला बंदोबस्त, म्हणजे तिच्यातलं सर्किट, तिला एकदम तोडतं. रडणं नाही, हळू होणं नाही. भर पाण्यात मोटर थांबली. होडीत आठ जण होते. मीही होते.

वारा चांगला होता. काशिनाथ घाबरला नाही. दोन वर्षं जे केलं तेच त्याने केलं, उठून शीड उभं केलं. शीड भरलं आणि होडी आडवी झाली.

हळूहळू कलली असं नाही. पाय घसरावा तशी गेली. याच वाऱ्यात, याच शिडाखाली ती दोन वर्षं सरळ उभी राहिली होती, कारण तिच्या बुडात मधोमध शिशाचं वजन होतं. पातं कापल्यावर काकांनी त्याच्याच जागी बॅटऱ्या बसवल्या होत्या. होडीला उभं धरायला. वीज हा त्यांचा दुसरा उपयोग होता. 'वजन कमी होईल' म्हणजे काय, ते मला पाण्यात पडल्यावर कळलं.

सगळ्यांच्या अंगात लाईफ जॅकेटं होती. काकांनीच लावलेली सवय. सगळे वाचले. ठमाबायची नात शिडाच्या कापडाखाली अडकली होती, तिला काशिनाथने ओढून काढलं. ती श्वास घेईपर्यंतचा वेळ किती होता हे मी मोजू शकत नाही. पलीकडच्या एका मासे पकडणाऱ्याच्या हवा भरलेल्या ट्यूबला धरून आम्ही काठाला लागलो. कोणी रडलं नाही. बायकांनी लुगडी पिळली आणि त्या डोंगराकडे बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी सापगावला गेले. काकांच्या दोन खोल्या, पुढे शेड. ते शेडमध्ये बसून सिमेंटच्या धुतलेल्या गोण्यांत नदीची वाळू भरत होते. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"पोरगी कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे. खोकला आहे."

ते गोणीचं तोंड शिवत राहिले. मी म्हटलं, "काका, मी पत्रक मागे घेते. माफी छापते."

"सुतळी दे ती."

मी दिली.

"तुम्ही सांगितलं का नाही?" मला ते विचारायचं नव्हतं, पण तेच तोंडातून आलं. "बैठकीत नुसतं वजन कमी होईल म्हणालात. होडी पडेल असं का नाही म्हणालात?"

ते थांबले. गोणी बाजूला ठेवली.

"टाळ्या वाजल्या तेव्हा राग आला. म्हटलं, एकदा सांगितलंय. नंतर तुझा तो कागद वाचला, तेव्हा तर स्टँडवर सांगू शकत होतो. अँपिअर दुरुस्त केलं, होडीचं नाय बोललो." मग मनगटाचा डाग चोळत म्हणाले, "तुझी चूक छापील हाय. माझी नाय. एवढाच फरक. लोक तुला बोलतील, मला कोन नाय बोलनार. ते बरं नाय."

मला वाटलं होतं ते ओरडतील. मी त्याची तयारी करून गेले होते. याची तयारी नव्हती.

"लिथियम काढून टाकू?" मी विचारलं.

"कशाला? चांगली बॅटरी हाय. तिनं काय केलं? तिला हलकी व्हायला सांगितली, ती हलकी झाली." त्यांनी एक गोणी माझ्याकडे सरकवली. "उचल. ह्या पेटीत चार मावतील. नि तिला एक भोंगा बसवू, निम्मी झाली की वाजेल असा."

दोन दिवसांत त्यांनी होडी उभी केली. पेटीत वाळूच्या गोण्या ठासून भरल्या, भोंगा बसवला. होडी आधीपेक्षाही चांगली झाली असं ते म्हणायचे, आणि तसं ते कौतुकाने म्हणत, स्वतःच्या शिशाविरुद्ध. पण बायका बसायला तयार नव्हत्या. काशिनाथही सुकाणूची दांडी धरायला तयार नव्हता. ठमाबाय मला म्हणाली, "ताई, तू सांगितलंस तवा बसलो. आता तू सांगू नको."

तेव्हा काका स्वतः बसले. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे. रोज दुपारी वारा सुटला की ते रिकामी होडी घेऊन निघायचे, पाड्यासमोर यायचे, बायका कपडे धुतात त्या दगडांपासून हाकेच्या अंतरावर. तिथे शीड भरू द्यायचे, मुद्दाम होडी कलती करायचे, काठ पाण्याला लागेपर्यंत. मग सोडायचे. होडी सरळ व्हायची. पुन्हा. दुपारभर. कोणाला बोलवायचे नाहीत, हात करायचे नाहीत.

"म्हातारा येडा झालाय," बायका म्हणायच्या. पण धुणं संपलं तरी दगडांवरून उठायच्या नाहीत.

दहा-बारा दिवसांनी एकदा मी काठावर होते. ठमाबायने पदर खोचला आणि हाक मारली, "ए बाबा. हिकडं आन ती."

त्यांनी आणली.

"परत येते का सरळ?"

"येते."

"दर वेळेस?"

काकांनी पुन्हा पुन्हा न सांगण्याचा आपला नियम त्या दिवशी मोडला. तिला पेटी उघडून दाखवली, गोण्या दाखवल्या, वजन खाली का लागतं ते सांगितलं, पुन्हा सांगितलं, भोंगा वाजवून दाखवला, आधीच्या वेळी काय चुकलं ते सांगितलं, आणि त्यात 'मी बोललो नाय ही माझी चूक', हेही सांगितलं. मी चार हातांवर उभी होते. माझी चूक काय ते त्यांनी सांगितलं नाही. ती मी सांगायला पाहिजे होती, सगळ्या बायका समोर होत्या. मी पायाखालची वाळू उकरत राहिले.

ठमाबाय बसली. जाऊन आली. उतरताना म्हणाली, "तू असशील तर बसू आमी. दुसऱ्या कोनाबरोबर नाय."

ही अट काकांना मान्य नव्हती. होडी माझ्यावर नाय चालायला पायजे, असं ते मला तीनदा म्हणाले. पण दुसरा इलाज नव्हता. पौष, माघ, फाल्गुन, ते रोज सापगावहून येत राहिले. सकाळी एक खेप, संध्याकाळी एक. काशिनाथ शेजारी बसायचा, दांडीला हात लावायचा नाही. हळूहळू लावेल, ते म्हणायचे. चैत्रात त्याने एकदा लावला. काका मुद्दाम मान वळवून डोंगराकडे बघत बसले. मग वैशाखात पाणी आटलं, होडी चिखलात टेकली, आणि पाणी पुन्हा चढायच्या आधी काकांना अर्धांगाचा झटका आला.

त्यांची मुलगी त्यांना मुरबाडला घेऊन गेली. मी भेटायला गेले तेव्हा माझ्या पिशवीत माफीचं पत्रक होतं. पाच वेळा लिहून झालं होतं. संघटनेत म्हणाले होते, आत्ता नको, पुलाची मागणी ऐन रंगात आहे, विरोधक याचाच कागद करतील. आणि मी ऐकलं. एरवी मी कोणाचं ऐकते म्हणून? पण हे ऐकलं, कारण ऐकायचं होतं. काका पलंगावर होते, बोलता येत नव्हतं. त्यांच्या मुलीने सुती सदरा घातला होता त्यांना. ते डाव्या हाताने त्याचं बटण सारखं ओढत होते. मी त्यांना वाचून दाखवायला कागद काढला नाही. बोलता न येणाऱ्या माणसाला माफी वाचून दाखवायची, म्हणजे तो नको म्हणू शकणार नाही अशी वेळ गाठायची, असं मला वाटलं. निदान तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं. भादव्यात ते गेले.

तोवर पाणी चढलं होतं. मी पाड्यावर जाऊन सांगून पाहिलं. होडी तीच आहे, वाळू तीच आहे, काशिनाथला येतं. ठमाबायने ऐकून घेतलं. म्हणाली, "तो म्हनाला परत येते, म्हनून बसलो. त्यानं दाखवली. तू दाखवशील?"

मला शीड येत नाही. दोन वर्षं तो माणूस दर शुक्रवारी समोर होता, मी एकदाही विचारलं नाही.

काशिनाथ एकटा दोन-तीनदा घेऊन गेला, रिकामी. मग त्यानेही सोडली. होडी काठावर ओढून पालथी घातली आहे. बॅटरी माझ्याकडे आहे, अजून चांगली चालते. बायका पुन्हा डोंगरावरून येतात. बाजाराच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर चालते, काहीतरी करायला पाहिजे म्हणून. निम्म्या चढावर एक वळण आहे, तिथून सगळं पाणी दिसतं आणि काठावरच्या पालथ्या होडीचा पांढरा ठिपका दिसतो. बायका तिथे दम घ्यायला थांबत नाहीत, पुढच्या आंब्याखाली थांबतात. मी त्या वळणावर थांबते. मग वर पोचेपर्यंत त्यांचा दम घेऊन झालेला असतो, आणि त्या उठून पुढे निघालेल्या असतात.